मांडी म्हणजे सीट नव्हे
पुढच्या सीटवर आईच्या मांडीत बसलेलं बाळ दिसायला गोड, पण धडक बसली की कितीही घट्ट धरलं तरी ते हातातून निसटतं. वर समोरची एअरबॅग पापणी लवायच्या आत फुगते, ती थेट बाळावरच. म्हणून बाळाची चाइल्ड सीट मागेच लावा, आणि तान्ह्याचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला ठेवा. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो सैल आहे, अजून ओढा. पहाटे महाबळेश्वरला निघताना जाड स्वेटर घालून पट्टा लावू नका; आधी पट्टा, मग वरून शाल. रडेल थोडं, रडू दे. आणि हो, 14 वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा चाइल्ड सीट नसेल तर 1,000 रुपये दंडही आहे.