हवेत रेडिओ बंद पडल्यास वैमानिक काय करतो

रेडिओ गप्प झाल्याने विमान खाली येत नाही, त्यामुळे वैमानिकाने आधी विमान स्थिर उडवत ठेवावे आणि बिघाडाचा शोध त्यानंतर घ्यावा.

हा शोध हेडसेटपासूनच सुरू करावा. सेस्ना १७२ सारख्या प्रशिक्षणाच्या विमानात हेडसेटला दोन पिना असतात: जाड पीन ऐकण्याची, किंचित बारीक पीन माइकची. बारीक पीन गुडघा लागून अर्धवट निघाली, तर नियंत्रकाचे (जमिनीवरून विमानांना सूचना देणाऱ्याचे) सगळे ऐकू येते, पण आपले बोलणे त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. बोलण्याचे बटण दाबलेलेच अडकले, तर आणखी पंचाईत, कारण मग इतर विमानांचीही फ्रिक्वेन्सी अडते.

पिना आणि आवाजाची कळ ठीक असल्यास आधीच्या फ्रिक्वेन्सीवर आणि त्यानंतर १२१.५ मेगाहर्ट्झ या आपत्कालीन फ्रिक्वेन्सीवर हाक द्यावी. उत्तर आले नाही, तरी आपला बेत दोनदा सांगावा. आपल्याला ऐकू येत नसले, तरी समोरच्याला ऐकू जात असेल. ट्रान्सपॉन्डरवर, म्हणजे रडारला विमानाची ओळख कळवणाऱ्या यंत्रावर, ७६०० हा आकडा लावला, की रडारसमोरच्या नियंत्रकाला बिघाड कळतो. आपल्याला त्याचे ऐकू येत असेल, तर तो 'आयडेंट' (रडारवर आपले विमान उठून दिसावे यासाठीचे ट्रान्सपॉन्डरचे बटण) दाबायला सांगतो आणि त्यावरच होकार समजून घेतो.

बाहेरचे स्पष्ट दिसत असल्यास ढगांत न शिरता जवळच्या सोयीस्कर विमानतळावर उतरावे. ढगांतून उडताना मात्र नियंत्रकाच्या अपेक्षेबाहेर काहीही न करणे महत्त्वाचे ठरते, कारण तो त्याच अंदाजावर इतर विमाने दूर ठेवत असतो. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार शेवटी दिलेली उंची व वेग रडारच्या टप्प्यात ७ मिनिटे, इतरत्र २० मिनिटे राखावा आणि पुढे उड्डाण आराखड्याप्रमाणे जावे. अमेरिकेचे नियम याहून वेगळे आहेत.

विमानतळाजवळ आल्यावर नियंत्रण टॉवरकडे नजर ठेवावी; तिथून दिव्याने खुणा करतात. स्थिर हिरवा दिवा म्हणजे उतरण्यास परवानगी, स्थिर लाल म्हणजे दुसऱ्या विमानाला वाट देऊन घिरट्या घालत राहा, आणि लुकलुकणारा लाल म्हणजे विमानतळ सुरक्षित नाही, उतरू नका. खूण समजल्याची पोच दिवसा पंख डोलावून आणि रात्री उतरण्याचे दिवे दोनदा उघडझाप करून द्यावी. उतरल्यावर लगेच हवाई नियंत्रणाला फोन करावा. तोवर तिथले लोक आपली वाट पाहत असतात.