खेळकर फॉन्टमध्ये मराठी पाटी करताना या चुका टाळा

कोल्हापुरात खानावळ, आइस्क्रीमचे दुकान किंवा बालवाडी सुरू करणारी मंडळी पाटीसाठी हल्ली हाताने रेखाटल्यासारखा गुबगुबीत फॉन्ट मागतात. एक टाइप या संस्थेचे ‘मोदक’ आणि ‘बालू’ हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यावर, व्यावसायिक कामासाठीही, विनामूल्य मिळत असल्याने ही हौस सहज भागते. तरीही महाद्वार रोडवरून चालताना अशा पाट्या वाचायला अडखळायला होते आणि फार वाईट वाटते.

नाव फलकभर पसरावे म्हणून अक्षरांमधले अंतर ताणणे, ही सर्वांत मोठी चूक आहे. इंग्रजी अक्षरे सुटी असल्याने त्यांना ते मानवते; देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेषा घेऊन येते आणि शेजारच्या रेषेला टेकते, त्यामुळे अंतर वाढवताच रेषा जागोजाग तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. अंतर फार घटवले, तर वेलांट्या आणि रफार एकमेकांत घुसतात. म्हणून ते शून्यावरच ठेवावे आणि जागा भरण्यासाठी अक्षरांचा आकार वाढवावा.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. एका खानावळीसाठी ‘पांढऱ्या रश्श्याची थाळी’ ही ओळ मी मूळ फाइलमध्येच, मजकूर बदलता येईल अशा रूपात, छपाईला दिली. तिथल्या संगणकावर तो फॉन्ट नव्हता, आणि फ्लेक्सवर ‘ऱ्या’ व ‘श्श्या’ ही जोडाक्षरे पाय मोडून, सुटी होऊन उतरली. तेव्हापासून फॉन्ट निवडतानाच मी हीच ओळ टाइप करून पाहतो, आणि मजकूर तपासून झाल्यावर कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याचे कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे फॉन्टविना दिसणारे नुसते आकार करूनच, फाइल पाठवतो. मूळ फाइल वेगळी जपावी, कारण कर्व्ह झालेल्या मजकुरात शुद्धलेखन सुधारता येत नाही.

अक्षरांना बाहेरून रंगीत कड दिली की शिरोरेषेच्या प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते, कारण तिथे दोन आकार एकमेकांवर चढलेले असतात. कर्व्ह केल्यानंतर ते वेल्ड करून एकसंध करावेत. रेडियम कटिंगला, म्हणजे चिकट रंगीत कागदातून यंत्राच्या पात्याने अक्षरे कापून घ्यायला, देताना तर हे अत्यावश्यक आहे, नाहीतर पाते त्या सांध्यांवरही फिरते.

‘मोदक’च्या पोटातल्या फटी मुळातच केसासारख्या बारीक असल्याने लहान आकारात त्या शाईने बुजतात. हा फॉन्ट दुकानाच्या नावापुरताच वापरावा, आणि पत्ता, फोन नंबर व दरपत्रक ‘मुक्ता’सारख्या साध्या फॉन्टमध्ये द्यावे.

शेवटी ‘ल’ आणि ‘श’ नीट पाहावेत. अनेक फॉन्टमध्ये आधी हिंदी वळणाची अक्षरे येतात. सॉफ्टवेअरमध्ये मजकुराची भाषा मराठी निवडल्यावर, फॉन्टमध्ये सोय असेल तर, आपल्या वळणाची मिळतात.