मॅनिफोल्डला कोटिंग केल्यावर आयडलिंग चढलं, तर

इंटेक मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारे पाइप) आणि थ्रॉटल बॉडी (त्यात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) पावडर कोटिंग, म्हणजे भट्टीत भाजलेला पावडरचा रंग, करून बसवली, बॉनेटखाली सगळं चकचकीत झालं, पण गरम इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असताना पाय न देता, ८०० ऐवजी १५०० आरपीएमवर अडून बसलंय. अशा वेळी हात हमखास थ्रॉटलच्या स्टॉप स्क्रूकडे (मिटलेलं थ्रॉटल ज्यावर टेकतं तो) जातो. तो फिरवू नका. मूळ दोष तसाच राहतो आणि टीपीएसचं (थ्रॉटल किती उघडलंय ते सांगणाऱ्या सेन्सरचं) रीडिंगही हलतं. आधी अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलला थोडी ढील आहे ना, एवढं बघा. पुढची तपासणी केबलचं थ्रॉटल आणि मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला हवेचा दाब मोजणारा) असलेल्या जुन्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे, म्हणजे एमपीएफआय (इंजेक्टरवाली) जिप्सी किंवा पहिली होंडा सिटी.

जादा हवा कुठून येते, ते आधी ठरवायचं. इंजिन पूर्ण गरम करा, एसी बंद ठेवा, थ्रॉटलवरचा हवेचा पाइप काढा. बटरफ्लायच्या (थ्रॉटलमधल्या फिरणाऱ्या गोल पात्याच्या) बाहेरच्या बाजूला बोअरच्या भिंतीत आयडल हवेचं भोक असतं. ते बोटाने दाबा. आरपीएम धाडकन पडला, तर जादा हवा आयडल व्हॉल्व्हमधून (आयडलिंगपुरती हवा सोडणारा व्हॉल्व्ह) जातेय. फरक पडला नाही, तर एक सपाट फळी थ्रॉटलच्या तोंडावर पूर्ण टेकवा. इंजिन लगेच बंद पडलं तर बटरफ्लाय पुरता मिटत नाही. चालूच राहिलं तर थ्रॉटलच्या पुढे, इंजिनच्या बाजूला कुठेतरी लीक आहे.

लीक असेल तर ब्रेक बूस्टर, पीसीव्ही (इंजिनमधली वाफ परत ओढणारा व्हॉल्व्ह) आणि कॅनिस्टरचे (टाकीतली पेट्रोलची वाफ साठवणारा डबा) होज एकेक करून पकडीने हलके दाबा. ज्याला दाबल्यावर आरपीएम उतरेल, लीक त्याच वाटेवर. एकानेही उतरला नाही, तर पॅकिंगच्या कडेने स्प्रे बाटलीने साधं पाणी मारा. पाणी आत ओढलं जातं तिथे आवाज बदलतो. कार्ब क्लीनरही चालतो, पण गरम एक्झॉस्टशेजारी तो पेट घेतो. स्कॅनरवर फ्युएल ट्रिम (पेट्रोलच्या प्रमाणातल्या दुरुस्तीचा आकडा) ठीक दिसतोय म्हणून लीक नाही असं धरू नका: मॅप सेन्सरला लीकची हवाही मोजता येते, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) तेवढं पेट्रोल वाढवतो आणि आरपीएम चढतो.

कोटिंगनंतर बहुतेक वेळा दोषी असते ती पॅकिंगची बसण्याची जागा. पावडरचा थर साधारण ६० ते १०० मायक्रॉनचा, आणि कडेला त्याहून जाड. मास्किंग (रंग नको तिथे झाकणं) नीट नसेल तर पॅकिंग एका बाजूला टेकतं, दुसऱ्या बाजूला फट राहते. फ्लँज उघड्या धातूपर्यंत साफ करा, स्टीलची सरळ पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) घाला. ०.१० मिमीचं पातं सरकलं तर फेसिंग करून (मशीनवर पृष्ठभाग सपाट करून) घ्या. इंजेक्टरच्या ओ-रिंग आणि पॅकिंग नवंच वापरा. बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन टप्प्यांत, मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

बटरफ्लायवर संशय असेल तर थ्रॉटल बॉडी काढून उजेडाकडे धरा. कडेने चंद्रकोर दिसली की पातं तिरकं बसलंय. स्क्रू ढिले करा, पातं दोन-तीनदा पूर्ण मिटू द्या, आपोआप मध्यावर येईल, मग लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून आवळा. स्टॉप स्क्रूच्या टोकावर आणि लिव्हरवर पावडर साचली असेल तर खरवडा. थ्रॉटल बॉडी मुळात भट्टीत घालायचीच नसते: १८०–२०० अंशांत शाफ्टची सील टिकत नाहीत, आणि ब्लास्टिंगमध्ये (कोटिंगआधीच्या रेतीच्या माऱ्यात) काही कंपन्यांनी बोअरला दिलेला काळा सीलिंगचा थर उडतो. तो परत लावता येत नाही, बॉडी बदलावी लागते.

आयडल हवेच्या भोकावर बोट ठेवल्यावर आरपीएम पडला असेल, तर आयडल व्हॉल्व्हमध्ये ब्लास्टिंगची रेती अडकलीय का ते बघा. मग कूलंट. काही गाड्यांच्या थ्रॉटलमध्ये मेणाचा थर्मो-व्हॉल्व्ह असतो. तिथे एअर लॉक झाला की गरम पाणी त्याच्यापर्यंत पोचत नाही आणि तो उघडाच राहतो. एअर ब्लीड करा. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते: सेन्सरची अर्थ मॅनिफोल्डवर आवळलेली असते आणि कोटिंग वीज अडवतं. अर्थ कच्ची झाली की ईसीयूला इंजिन थंड वाटतं. इंजिन चालू ठेवून अर्थच्या टर्मिनलपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मल्टिमीटर लावा, ०.१ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर बोल्टखालची पावडर घासून धातू उघडा करा.

शेवटी व्हॅक्यूम गेज. समुद्रसपाटीला चांगलं इंजिन आयडलिंगला १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतं, पुण्यात साधारण २ इंच कमी. पुण्यात १७ वर काटा स्थिर असेल, तर लीक समजून मॅनिफोल्ड परत उतरवू नका.