लठ्ठपणाचे निदान आणि बॅरिअॅट्रिक (वजन घटवण्यासाठी जठर-आतड्यांवरील) शस्त्रक्रियेची पात्रता कशी ठरवावी

निदानाची सुरुवात बीएमआयपासून, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे दाखवणाऱ्या आकड्यापासून होते. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे, उंची १.६० मीटर आणि वजन ९२ किलो असल्यास उत्तर सुमारे ३५.९ येते. सामान्यतः ३० आणि त्यापुढे लठ्ठपणा धरतात. आशियाई वंशाच्या व्यक्तींना मधुमेहासारखे आजार त्याआधीच गाठत असल्याने त्यांच्यासाठी २५ पासूनच लठ्ठपणा मानण्याची शिफारस आहे.

चरबी किती, स्नायू किती आणि चरबी साठली कुठे, हे या आकड्यातून कळत नाही, म्हणून कमरेचा घेर मोजावाच. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या मधोमध, कपडे बाजूला सारून, टेप जमिनीला समांतर धरावी आणि श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचावा; पोट आत ओढण्याचा मोह बहुतेकांना होतोच. घेर उंचीच्या निम्म्याहून अधिक भरल्यास तो धोक्याचा समजावा. पुढे रक्तदाब, रक्तातील साखर, कोलेस्टेरॉल आणि यकृत तपासावे, झोपेत श्वास अडकतो का हे विचारावे. थायरॉइडचे किंवा कुशिंगसारखे (शरीरात कॉर्टिसॉल संप्रेरक जास्त झाल्याने होणारे) विकार, तसेच स्टिरॉइड व काही मानसोपचाराची औषधे वजन वाढवतात. ही कारणे आधी पडताळावीत.

१९९१ च्या अमेरिकी निकषांनुसार बीएमआय ४० असल्यास, किंवा ३५ असून सोबत गंभीर आजार असल्यास शस्त्रक्रिया विचारात घेतली जाई. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी ती मर्यादा खाली आणली: ३५ आणि त्यापुढे इतर आजार नसला तरी, टाइप २ मधुमेह असल्यास ३० पासून आणि आशियाई वंशाच्या व्यक्तींना २७.५ पासून शस्त्रक्रिया सुचवता येते. केवळ वयामुळे कोणाला नाकारू नये. शरीर किती खंगलेले आहे हे अधिक महत्त्वाचे.

आकडा जुळला तरी तारीख लगेच देऊ नये. व्यसन सुटलेले नसेल किंवा तीव्र मानसिक आजार आटोक्यात नसेल तर आधी त्यावर उपचार व्हावेत, धूम्रपान थांबवावे, आणि पुढील वर्ष-दीड वर्षात गर्भधारणेचा विचार असल्यास शस्त्रक्रिया किंवा गर्भधारणा यांपैकी एक पुढे ढकलावी. शस्त्रक्रिया झाल्यावर बी१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या व रक्ततपासण्या जन्मभर चालतात. शस्त्रक्रियेनंतर काय बदलणार आहे, हे रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगायला लावावे. ते सांगता आले नाही, तर समुपदेशनाची आणखी एक बैठक घ्यावी.