डॉसमधली ६४० केबी मोकळी कशी करावी

जुन्या संगणकात १६ किंवा ३२ एमबी रॅम बसवलेली असूनही एमएस-डॉस या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या कार्यप्रणालीवरचा एखादा प्रोग्राम मेमरी अपुरी असल्याचे सांगून सुरूच होत नाही, तेव्हा दोष बहुधा रॅमचा नसतो. १९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यांसाठी २० वाहिन्या होत्या, त्यामुळे १ एमबीपलीकडचे त्याला काही दिसत नसे. त्यातले खालचे ६४० केबी प्रोग्रामांना मिळाले आणि वरचे ३८४ केबी पडदा, जोडकार्डे व बायोस (संगणक सुरू करणारा, चिपमध्ये बसवलेला मूळ प्रोग्राम) यांच्यासाठी राखले गेले. पुढे प्रोसेसर बदलले, रॅम स्वस्त झाली, पण डॉसचे साधे प्रोग्राम त्या ६४० केबींतच अडकून राहिले. तेव्हा आपले काम नवी मेमरी मिळवण्याचे नसून, त्या जागेत ठाण मांडून बसलेले ड्रायव्हर (माउस, सीडी अशी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) उचलून वरच्या मजल्यावर नेण्याचे आहे.

पुढील कृती ३८६ किंवा त्यानंतरचा प्रोसेसर आणि डॉस ५ किंवा ६ यांच्यासाठी आहे. आज्ञा येथे देवनागरीत लिहिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या अर्थातच रोमन अक्षरांत टंकाव्या लागतात.

काहीही बदलण्याआधी ‘मेम /सी’ ही आज्ञा देऊन कोणता ड्रायव्हर किती जागा खातो ते कागदावर उतरवून घ्यावे. अहवालाच्या तळाशी सर्वांत मोठा प्रोग्राम किती केबींचा चालू शकेल ते दिलेले असते, आणि खरे महत्त्व त्याच आकड्याला आहे. एकूण रॅमच्या आकड्याकडे पाहून समाधान मानण्यात अर्थ नाही. त्यानंतर ‘फॉरमॅट ए: /एस’ वापरून सुरू होणारी एक फ्लॉपी करावी आणि कॉन्फिग.सिस व ऑटोएक्झेक.बॅट या, संगणक सुरू होताना डॉस वाचतो त्या, दोन्ही फाइलींच्या प्रती तिच्यावर ठेवाव्यात. डॉस ६ मध्ये सुरुवातीला एफ५ दाबून या दोन्ही फाइली टाळता येतात, तरीही फ्लॉपी हाताशी असलेली बरी.

आता कॉन्फिग.सिसच्या अगदी वर तीन ओळी, याच क्रमाने, लिहाव्यात: ‘डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस’, ‘डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस’ आणि ‘डॉस=हाय,यूएमबी’. हायमेममुळे १ एमबीच्या लगेच वरचा, ६४ केबींना जेमतेम १६ बाइट कमी असलेला पट्टा वापरता येतो आणि डॉसचा बराचसा भाग तिकडे जातो. एवढ्यानेच चाळीसएक केबी सुटतात. ईएमएम३८६ राखीव ३८४ केबींमधल्या रिकाम्या फटींत रॅम आणून बसवतो. व्हीजीए (पडद्यावर चित्र दाखवणारे) कार्ड असलेल्या साध्या यंत्रात पडद्याचे १२८, व्हीजीए बायोसचे ३२ आणि मुख्य बायोसचे ६४ केबी वजा केले की १६० केबी उरतात, आणि नेटवर्क किंवा स्कझी (डिस्क वगैरे जोडण्याचे) कार्ड असल्यास त्यातूनही काही जातात. ‘नोईएमएस’ हा शब्द विसरला, तर ईएमएससाठी, म्हणजे जादा मेमरी तुकड्यातुकड्यांनी दाखवण्याच्या जुन्या पद्धतीसाठी, ६४ केबींची एक सलग चौकट उगाच अडवली जाते.

त्यानंतर उरलेल्या ड्रायव्हरांच्या ओळींतील ‘डिव्हाइस’ बदलून ‘डिव्हाइसहाय’ करावे आणि ऑटोएक्झेक.बॅटमध्ये माउस, डॉस्की (दिलेल्या आज्ञा लक्षात ठेवणारा), एमएससीडीईएक्स (सीडी वाचण्यासाठीचा) यांसारख्या ठाण मांडणाऱ्या प्रोग्रामांआधी ‘एलएच’ लावावे. खरी गंमत आणि खरा मनस्ताप येथेच आहे. अनेक ड्रायव्हर सुरू होताना मोठी जागा मागतात आणि स्थिरावल्यावर तिचा थोडाच भाग ठेवतात, त्यामुळे अहवालात लहान दिसणारा ड्रायव्हर पुरेशी जागा दिसत असूनही वर मावत नाही आणि काहीही न बोलता खाली उतरतो. म्हणून मोठी भूक असणारे आधी आणि चिल्लर नंतर, असा क्रम ठेवावा. एका वेळी एकच ओळ हलवून संगणक पुन्हा सुरू करावा व ‘मेम /सी’ पाहावे. एका दमात दहा ओळी बदलणाऱ्याला नंतर कोणती ओळ नडली ते शोधण्यात संध्याकाळ घालवावी लागते. हे मी अनुभवाने सांगतो.

क्रम जुळूनही थोडके कमी पडत असेल, तर बारीकसारीक काटकसर करता येते. ‘लास्टड्राइव्ह=झेड’ ऐवजी लागेल तेवढेच अक्षर द्यावे, ‘स्टॅक्स=०,०’ लिहून सुमारे २ केबी वाचवावेत आणि ‘बफर्स’ वीस-तीसच्या पुढे नेऊ नये, कारण १ एमबीवरच्या त्या पट्ट्यात ते मावले नाहीत तर सगळेच्या सगळे खाली येतात. ‘फाइल्स’ मात्र अति कमी करू नये. फॉक्सप्रो या डेटाबेस प्रोग्रामवरचा जमाखर्च एकाच वेळी बऱ्याच फाइली उघडतो. जुन्या माउस ड्रायव्हरच्या जागी क्यूटमाउस हा छोटा ड्रायव्हर वापरला, तर तो ४ केबींहूनही कमी जागेत भागवतो, आणि माझ्या मते एवढ्या कष्टात इतका फायदा दुसऱ्या कशाने होत नाही.

रंगीत व्हीजीए पडदा असल्यास ईएमएम३८६च्या ओळीत ‘आय=बी०००-बी७एफएफ’ जोडून एकरंगी पडद्यासाठी राखलेले ३२ केबीही मिळवता येतात. काही कार्डे तीच जागा वापरतात आणि मग संगणक गोठतो. तसे झाल्यास फ्लॉपीवरून सुरू करून त्या ओळीतला तेवढा जोडलेला भाग काढावा.

डॉस ६ मधील मेममेकर हेच सारे आपोआप करतो आणि बहुतेकांना तेवढे पुरते. त्याचा निकाल नको असेल तर ‘मेममेकर /अनडू’ दिल्यावर जुन्या फाइली परत येतात. एखाद्या खेळाला ईएमएसच हवी असेल, तर ‘नोईएमएस’ऐवजी ‘रॅम’ लिहावे लागते आणि ती ६४ केबींची चौकट गमवावी लागते. अशा वेळी डॉस ६ च्या कॉन्फिग.सिसमध्ये सुरुवातीचा मेनू करून दोन्ही मांडण्या शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि संगणक सुरू करताना हवी ती निवडावी.