दिवाळीआधी खोली घरच्या घरी रंगवायची तर

रंगकामात रंग मारणं हा सगळ्यात सोपा भाग. खरी मेहनत भिंतीवर, आणि डबा उघडण्याआधी.

पावसाळा नुकताच संपलेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा ओल तपासा. संशयित जागी फूटभर प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावून एक दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाण्याचे थेंब धरले, तर ओल भिंतीतूनच येते आहे. मग आधी बाहेरची भेग, गच्चीचा कोपरा किंवा पलीकडच्या बाथरूमचा पाइप दुरुस्त करा आणि भिंत वाळू द्या. दुकानदार काहीही सांगो, आतून भारीतला रंग फासून गळती थांबत नाही. पुढच्या पावसात पोपडे ठरलेलेच.

सामान मधोमध ओढून झाका. स्विचबोर्ड आणि चौकटींच्या कडांना मास्किंग टेप लावा. पोपडे पत्र्याने (पुट्टी लावायच्या सपाट पातीने) खरवडून काढा, मग तळहात फिरवून बघा. पांढरी पूड लागली, तर जुना चुना अजून सुटतोय, तोही काढायचा. दारांवरचा ऑइलपेंट 2017च्या आधीचा असेल, तर तो कोरडा घासू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. घासायचाच झाला तर ओला करून घासा, आणि मुलांना लांब ठेवा.

आता पुट्टी. तासाभरात संपेल एवढीच कालवा. दोन पातळ हात द्या, पहिला वाळल्यावरच दुसरा. एकच जाड थर दिला की तडकतो. वाळली की नाकाला मास्क लावून पॉलिश पेपर मारा. मग खोलीत अंधार करा आणि टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. दिवसा सपाट वाटलेल्या भिंतीवर प्रत्येक खड्ड्याची, पत्र्याच्या प्रत्येक ओरखड्याची सावली पडते. तिथे पेन्सिलीने खूण करून सकाळी पुन्हा पुट्टी भरा. धूळ पुसा आणि प्रायमरचा एक हात द्या. तो टाळलात तर पुट्टी रंग पिते आणि पट्टे उठतात.

10 बाय 12ची, 10 फूट उंचीची खोली असेल तर चार भिंती 440 चौरस फूट होतात. दार-खिडकी वजा करून इमल्शनच्या (पाण्यात मिसळायच्या भिंतीच्या रंगाच्या) दोन हातांना 4 लिटरचा डबा सहसा पुरतो. छताचा रंग वेगळा घ्या आणि छत आधी उरका.

डब्यावर लिहिलंय तेवढंच पाणी घाला. कोपरे आणि कडा दोन इंची ब्रशने काढा, आणि त्या ओल्या असतानाच रोलर फिरवा. पंखा बंद ठेवा. चहा प्यायचा तर एक भिंत पुरी करून. मध्येच थांबलात की जोड दिसतो. अर्धवट वाळलेल्या जागी पुन्हा ब्रश फिरवायचा मोह आवरा, राहिलेलं दुसऱ्या हातात झाकलं जातं. दोन हातांमध्ये चारेक तास जाऊ द्या. दुसरा हात थोडा ओला असतानाच टेप सावकाश ओढून काढा.

उरलेला रंग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून झाकणावर शेड नंबर लिहून ठेवा.