सोनोग्राफीत लिव्हरमध्ये गाठ निघाली तर पुढच्या तपासण्या कुठल्या क्रमाने करायच्या

पोट दुखतंय म्हणून किंवा कंपनीच्या चेकअपमध्ये सोनोग्राफी होते आणि रिपोर्टच्या शेवटी एक ओळ असते, उजव्या लोबमध्ये १८ मिमीची हायपरएकोइक (म्हणजे सोनोग्राफीत उजळ दिसणारी) लिजन, पुढे अॅडव्हाइज सीटी. झालं, घरात कोणाला जेवण जात नाही. तर आधी हे घ्या, लिजन म्हणजे आजूबाजूपेक्षा वेगळा दिसणारा भाग, एवढंच. तो कॅन्सर आहे असं त्या ओळीत कुठेच लिहिलेलं नसतं. पण म्हणून रिपोर्ट कपाटात टाकून द्यायचा असंही नाही.

सगळे जण विचारतात गाठ कसली आहे, माझं म्हणणं आहे की त्याच्या आधी विचारा गाठ कसल्या लिव्हरमध्ये आहे. अगदी तसाच दिसणारा ठिपका तिशीतल्या धडधाकट बाईच्या लिव्हरमध्ये असेल तर बहुतेक वेळा हिमँजिओमा निघतो, म्हणजे रक्तवाहिन्यांचा साधा गुच्छ, त्याला सहसा काही करावं लागत नाही, आणि तोच ठिपका सिरॉसिस (म्हणजे लिव्हर व्रणांनी कडक होणं) झालेल्या किंवा जुना हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात असेल तर लिव्हरचा कॅन्सर नाही हे सिद्ध होईपर्यंत डॉक्टर त्याला सोडत नाहीत आणि सोडूही नये. त्यामुळे सीटीच्या आधी किंवा सीटीसोबतच रक्ताच्या तपासण्या करून घ्या: एचबीएसएजी (हिपॅटायटिस बी साठी), अँटी एचसीव्ही (हिपॅटायटिस सी साठी), लिव्हर फंक्शन, आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) आणि साधा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी). सीबीसीत प्लेटलेट बघा, त्या दीड लाखाच्या खाली असतील तर कधी कधी सिरॉसिसचा पहिला इशारा तिथेच मिळतो, लिव्हर फंक्शनमधलं एसजीपीटी नॉर्मल असलं तरी. दारूचं डॉक्टरांना खरं सांगा, किती आणि किती वर्षं. घरचे लाजेखातर लपवतात आणि मग डॉक्टर ती गाठ निरोगी लिव्हरमधली समजून वाचतात. आधी आतड्याचा, स्तनाचा किंवा दुसरा कुठला कॅन्सर होऊन गेला असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगा. गर्भनिरोधक गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर तेही, कारण अॅडिनोमा नावाची गाठ त्यांच्याशी जोडलेली आहे. आणि ताप, थंडी, उजव्या बाजूला दुखणं असेल तर ती गाठ नसून पू झालेला असू शकतो, अमीबाचा लिव्हर अॅब्सेस आपल्याकडे काही दुर्मिळ नाही.

आता सीटी. इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. साधा सीटी करून उपयोग नाही, चिठ्ठीवर ट्रायफेजिक सीटी (शिरेतून डाय देऊन वेगवेगळ्या वेळी फोटो काढतात तो) किंवा कॉन्ट्रास्ट, म्हणजे डाय, देऊन डायनॅमिक एमआरआय लिहिलंय ना ते बघा, नसेल तर विचारा. कारण असं की लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, साधारण पाऊण भाग पोर्टल व्हेनमधून (आतड्याकडून येणारी शीर) आणि उरलेलं आर्टरीतून (धमनीतून), पण लिव्हरचा कॅन्सर जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतून ओढतो. म्हणून डाय सोडल्यावर साधारण अर्ध्या मिनिटाने फोटो काढला तर ती गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते, मग मिनिटभराने आणि पुन्हा तीन ते पाच मिनिटांनी काढला तर बाकीचं लिव्हर उजळलेलं असतं आणि गाठ काळपट पडते, याला वॉशआउट म्हणतात. हिमँजिओमा उलटा वागतो, कडेने ठिपक्याठिपक्यांनी भरायला लागतो आणि हळूहळू आत जातो. एकच फोटो काढला तर हा फरक कळणार कसा?

स्कॅनला जायच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्त तपासणी) करा, डायबेटिसची मेटफॉर्मिन चालू असेल किंवा आधी डायची अॅलर्जी आली असेल तर सेंटरला सांगा. डाय आत जाताना अंगभर एकदम गरम वाटतं आणि लघवी झाली की काय असं वाटतं, ते बऱ्याच जणांना होतं, घाबरून हलू नका. श्वास रोखा म्हटलं की खरंच रोखा, हललेल्या फोटोत छोटी गाठ हरवते.

सिरॉसिस किंवा हिपॅटायटिस बी असेल तर रिपोर्टमध्ये लाय-रॅड्स नावाचा आकडा असायला हवा. एलआर १ म्हणजे नक्की साधी गाठ, ३ म्हणजे अधांतरी, बहुतेकदा तीन ते सहा महिन्यांत परत स्कॅन, आणि एलआर ५ म्हणजे लिव्हरचाच कॅन्सर असं धरून बायोप्सीशिवायही (सुईने गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवायही) उपचार सुरू करता येतात. एलआर एम आलं तर कॅन्सरची शंका आहे पण कुठला ते ठरत नाही, तिथे बायोप्सी सहसा लागते. निरोगी लिव्हरला हा आकडा लावायचा नसतो.

सुई लागली की कॅन्सर पसरतो म्हणून लोक बायोप्सीला नाहीच म्हणतात. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका आहे पण कमी आहे, आणि दुसरीकडून आलेल्या कॅन्सरमध्ये औषध ठरवायला तो तुकडा लागतोच. फक्त हायडॅटिड सिस्टची (जंतामुळे होणाऱ्या पाण्याच्या गाठीची) शंका असेल तर सुईच्या आधी त्याचा विचार झालाय ना हे नक्की विचारा, ते पाणी पोटात सांडलं तर जीवघेणी अॅलर्जी येऊ शकते.

एएफपी (लिव्हर कॅन्सरसाठी करतात ती रक्त तपासणी) नॉर्मल आलं म्हणून सुटकेचा श्वास सोडू नका, बऱ्याच लिव्हर कॅन्सरमध्ये ते वाढतच नाही, आणि उलट हिपॅटायटिसमध्ये किंवा गरोदरपणात कॅन्सर नसतानाही वाढतं. थेट पेट स्कॅनही (PET, किरणोत्सारी औषध टोचून काढतात तो) नको, लिव्हरचे बरेच कॅन्सर त्यात चमकतच नाहीत.

हे सगळं होईपर्यंत काढे, लिव्हर डिटॉक्स, कोणाच्या तरी ओळखीची पुडी, काहीही सुरू करू नका, कळकळीने सांगतोय. त्याने लिव्हर खरंच बिघडू शकतं आणि मग रिपोर्ट वाचणं अजून अवघड होतं. अचानक पोटात जोराची कळ येऊन चक्कर आली, रक्ताची उलटी झाली, डांबरासारखी काळी शी झाली तर अपॉइंटमेंटची वाट न बघता सरळ कॅज्युअल्टीत जा.

मोठ्या हॉस्पिटलात, मग ते परळचं टाटा मेमोरियल असो की दुसरं कुठलं, जाताना नुसता टाइप केलेला रिपोर्ट नेऊ नका, स्कॅनची सीडी मागून घ्या आणि जुनी सोनोग्राफी असेल तर तीही शोधा, गाठ पाच वर्षांपूर्वी तेवढीच होती हे दिसलं तर अर्धं काम तिथेच होतं.

आणि एचबीएसएजी पॉझिटिव्ह आलं तर नवरा किंवा बायको, मुलं, सख्खी भावंडं, आई, सगळ्यांची तीच तपासणी करा, निगेटिव्ह निघतील त्यांनी लस घ्या, पॉझिटिव्ह निघतील त्यांनी लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी लागेल का ते ठरवून घ्या.